निळ्या रंगाची दोन मिनिटं

"किडनीचा आजार आहे, हे नक्की," डॉ. सबनीस म्हणाले. "कोणता आणि कितपत पुढे गेलाय, ते तुकडा तपासल्याशिवाय नाही सांगता येणार. बायॉप्सी करून घेऊ."

बायॉप्सी म्हणजे शरीराच्या आतला बारीकसा तुकडा काढून तो मायक्रोस्कोपखाली बघणं. डॉक्टर हे मला समजावून सांगायला लागले, तेव्हा शेजारी बसलेले माझे यजमान खाकरले. "अहो डॉक्टर, हिनं सगळी नोकरी लोकांचे तुकडे रंगवण्यातच काढलीय. तुम्ही मलाच समजावा."

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून मी हजारो माणसांचे तुकडे हाताळले, पण माझ्यापर्यंत माणूस कधी यायचाच नाही. यायचा तो नंबर. आता माझाही नंबर होणार होता.

माझ्यासारखं कुणावर आलं, तर उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. सुरुवात अगदी क्षुल्लक होती. मंडईतून भाजी घेऊन नारायण पेठेतल्या घरी चालत यायचे, तेव्हा चपलेचा पट्टा रुतायला लागला. मला वाटलं, चप्पल आटली. नवी घेतली, तीही रुतली. मग सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज. मग लघवीला फेस. फेस दिसला की थांबू नका. लघवीतून प्रोटीन जात असेल तर असा फेस येतो, हे मला पाठ होतं, तरी मी महिनाभर कानाडोळा केला. लॅबमध्ये आयुष्य घालवलेल्या बाईला स्वतःच्या तपासणीची भीती वाटावी, ह्याची मला आजही लाज वाटते.

बायॉप्सी माझ्या जुन्याच हॉस्पिटलमध्ये झाली. पालथं झोपवून पाठीतून सुई घालतात, दुखत फारसं नाही. माझ्या बाबतीत मात्र आत रक्तस्राव झाला. चार दिवस पडून राहिले. डॉ. सबनीस राऊंडला आले तेव्हा म्हणाले, "ताई, पुन्हा सुई घालायची वेळ येऊ नये. धोका आहे. मिळालंय त्यातच भागवू."

आणि मिळालं होतं फारच थोडं.

अनघा आता माझ्या जुन्या पॅथॉलॉजी विभागात डॉक्टर आहे. शिकायला आली होती तेव्हा मी तिला स्लाइड कशी धरायची ते दाखवलं होतं. मला घरी सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "मॅडम, तुमचा तुकडा खूप छोटा आहे. काप काढता काढता संपतच आला. आता दोनच कोऱ्या स्लाइडी उरल्यात."

किडनीचा तुकडा मेणात बसवतात आणि त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप काढतात. काचेच्या स्लाइडवर बसवलेले हे काप कोरे, बिनरंगाचे असतात, मायक्रोस्कोपखाली जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून ते रंगवायचे. याला स्टेनिंग म्हणतात. किडनीला एका रंगावर भागत नाही. एक रंग पेशी दाखवतो, एक गाळणीची भिंत दाखवतो, एक जुने व्रण दाखवतो. एकदा रंगवलेला काप दुसऱ्या रंगाला सहसा चालत नाही. म्हणजे रंग तितके काप हवेत, आणि माझे उरले होते दोन.

त्यातला एक आजाराचं कारण शोधणाऱ्या खास तपासणीसाठी राखून ठेवणं भाग होतं. दुसऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न होता.

"आपल्याकडे एक नवीन सिस्टीम ट्रायलवर आहे," अनघा म्हणाली. "व्हर्च्युअल स्टेनिंग. कोऱ्या कापाचा फोटो काढायचा आणि कॉम्प्युटर तो रंगवून दाखवतो. कापाला हातसुद्धा लागत नाही. तुमची हरकत नसेल तर करते. फायनल रिपोर्ट नुसत्या त्याच्यावर नाही देणार."

मी संमतीच्या कागदावर सही केली. मनात म्हटलं, बघू या, तुमच्या कॉम्प्युटरची बोटं कधी निळी झालीत का!

माझी कायम निळी असायची. हातमोजे घातले तरी नखांच्या कडेला रंग उरायचाच. मंडईतल्या मेथीवालीनं एकदा विचारलं होतं, "काय हो ताई, शाळेत शिकवता का? शाई लागलीय." मी हो म्हणून टाकलं. पुढं कितीतरी वर्षं ती मला परीक्षा कधी आहेत ते विचारायची आणि मी सांगायची.

आठवड्यानं आम्ही दोघं लॅबमध्ये गेलो. दार उघडताच काप धुवायच्या झायलीनचा तो उग्र, गोडसर वास आला. इतर लोकांचं डोकं त्यानं दुखतं. मला माहेरी आल्यासारखं वाटलं. माझी रंगाच्या काचेच्या डब्यांची रांग तिथं आता नव्हती. रंगकाम मशीन करतं. खिडकीतलं माझं स्टूल मात्र होतं, आणि त्याच्यावर कुणीतरी प्रिंटर ठेवला होता.

अनघानं स्क्रीनवर आधी कोऱ्या कापाचा फोटो दाखवला. विशिष्ट प्रकाश टाकला की पेशी आपल्या आपण मंद उजळतात, त्याचा हा फोटो. राखाडी धुकं नुसतं. मग तिनं एक बटण दाबलं आणि त्याच धुक्यातून जांभळे ठिपके, गुलाबी भिंती, सगळं वर आलं. दुसरं बटण, दुसरा रंग. एकच काप, सगळे रंग! मी आयुष्यभर घड्याळ लावून जे केलं, ते चहा गार व्हायच्या आत झालं. खोटं कशाला बोलू, मला वाईटही वाटलं आणि कौतुकही वाटलं.

"हे याला येतं कसं?" यजमानांनी विचारलं.

"मशीन लर्निंग, काका. उदाहरणं दाखवून शिकवायचं. आधी कोऱ्या स्लाइडचा फोटो, मग तीच स्लाइड खरी रंगवून पुन्हा फोटो. अशा ढीगभर जोड्या दाखवल्या की रंगवल्यावर काय दिसेल ते त्याला कळायला लागतं." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या रिटायरमेंटच्या आधीचं वर्ष आठवतंय? फोटोवाले यायचे?"

आठवत होतं की! रंगवायच्या आधी प्रत्येक स्लाइड फोटोच्या खोलीत जायची आणि उशिरा परत यायची. मी रोज कुरकुर करायची. कशासाठी चाललंय हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

म्हणजे ह्या यंत्राला रंग शिकवले होते ते माझ्या हातानं.

"आजार मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी वाटतोय," अनघा सांगत होती. यात किडनीतल्या गाळणीची भिंत जाड होते आणि तिच्यातून प्रोटीन गळतं. "याला औषधं आहेत. पण हा बघा ट्रायक्रोम." ट्रायक्रोम हा तीन रंगांचा स्टेन. यात जुने व्रण निळे दिसतात. जितकं निळं, तितकी किडनी वाया गेलेली.

स्क्रीन निळी होती.

"सबनीस सरांशी बोलले मी," ती हळूच म्हणाली. "व्रण इतके असतील तर जोरदार औषधांचा त्रासच होईल, उपयोग नाही, असं त्यांचं मत पडलं. म्हणजे मग डायलिसिसपर्यंत वाट बघायची. हीच शेवटची स्लाइड मी उद्या सिल्व्हर स्टेनला लावते. गाळणीची भिंत तरी पक्की बघून घेऊ. ट्रायक्रोम तर इथं स्पष्टच दिसतोय."

यजमानांनी माझा हात धरला. चारचौघांत त्यांनी हात धरल्याचं मला आठवत नाही.

मी मात्र स्क्रीनकडेच बघत होते. एक बारीक रक्तवाहिनी दिसत होती. तिच्या भिंतीतला स्नायू ट्रायक्रोममध्ये लालभडक दिसायला हवा. हा जांभळट होता. निळा रंग जिथं जायला नको तिथंही थोडा चढला होता. हे जांभळट मी ओळखत होते.

आता आमच्या जुन्या सरांबद्दल सांगायला हवं. आमच्या विभागाचे प्रमुख. शिस्तीचे कडक, पण टेक्निशियनला "आपण" म्हणणारे. नागपूरहून वडिलांच्या नोकरीमुळे पुण्यात आलेली मी, पहिल्या दिवशी बिचकून उभी होते. सरांनी स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "मेश्रामबाई, मी फक्त बघतो. दाखवणार आपण." तेच ते खिडकीतलं स्टूल. त्या एका वाक्यावर मी एकतीस वर्षं काम केलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी, म्हणजे ते फोटोवाले यायचे त्याच वर्षी, सर म्हणायला लागले, "बाई, निळा फिका येतोय हो." येत नव्हता. त्यांना मोतीबिंदू होत होता. डोळ्यातलं भिंग पिवळसर झालं की निळा रंग आधी मालवतो. हे त्यांनाही समजलं असणार, पण ऑपरेशन निवृत्तीनंतर करू म्हणून ते टाळत होते. कुणाला कळलं असतं तर इतक्या वर्षांच्या नावावर बोट आलं असतं. म्हणून मी ट्रायक्रोम निळ्या रंगात दोन मिनिटं जास्त ठेवायला लागले. सरांच्या डोळ्याला ती स्लाइड बरोबर दिसायची आणि त्यांचे रिपोर्ट बरोबर जायचे. आमच्यात यावर कधीही बोलणं झालं नाही. एकदाच ते मायक्रोस्कोपवरून मान वर करून म्हणाले होते, "हं. आता बरोबर." आणि मला वाटलं होतं, सरांना सगळं माहीत आहे.

यंत्राला मात्र मोतीबिंदू नव्हता. त्यानं माझी दोन मिनिटं जशीच्या तशी शिकून घेतली होती आणि माझ्या कापावरही निळा तितकाच जादा चढवला होता.

आता हे सांगायचं कसं? सर जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा फोटो विभागाच्या दारात लावलेला आहे. ज्या माणसाचं गुपित मी इतकी वर्षं राखलं, ते आता स्वतःचा जीव वाचवायला उघडं करायचं? संध्याकाळी मी सगळं यजमानांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि इतकंच म्हणाले, "सर गेले. तू अजून आहेस. फोन कर."

सकाळी सातला मी अनघाला फोन केला. सगळं सांगितलं.

"मॅडम, सरांना दिसत नव्हतं?"

"दिसत होतं गं. निळं सोडून सगळं दिसत होतं. तू शेवटची स्लाइड सिल्व्हरला लावू नकोस. ट्रायक्रोमला लाव."

"आणि चुकला अंदाज तर? दुसरी स्लाइड नाहीये, मॅडम."

"माझाच काप आहे ना? चुकला तर माझा चुकेल."

तिनं ती स्लाइड मशीनमध्ये घातली नाही. स्वतःच्या हातानं रंगवली. त्या दिवशी आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. ज्या बाकावरचे लोक मला रोज "रिपोर्ट कधी मिळेल हो?" विचारायचे आणि मी "वेळ लागतो" म्हणून निघून जायची, तोच बाक. त्या सगळ्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली. वेळ का लागतो, हे निदान थांबून सांगायला हवं होतं.

अनघा बाहेर आली तेव्हा तिच्या नखांच्या कडा निळ्या होत्या.

"स्नायू लाल आहे, मॅडम. अगदी लाल. निळं आहे, पण थोडंसंच. कडेकडेनं."

मी रडले. तिथंच, बाकावर, पदर तोंडाला लावून. यजमान उगाचच भिंतीवरची "शांतता राखा" ही पाटी वाचत उभे राहिले.

राखून ठेवलेल्या कापावरच्या तपासणीतून आजाराचं कारणही निघालं. डॉ. सबनीसांनी औषधं सुरू केली. ती सोपी नाहीत. तोंड सुजतं, झोप उडते, चिडचिड होते. घरातल्यांना आधीच सांगून ठेवा. मी सांगितलं, तेव्हा यजमान म्हणाले, "चिडचिडीचा फरक आम्हाला कसा कळायचा?" आठव्या महिन्यात लघवीतला फेस गेला. परवा मंडईत जाऊन आले. चप्पल सैल होती.

तुमच्यावर अशी वेळ आली तर दोन गोष्टी करा. तुकड्याचं काय काय होतं ते विचारत राहा, त्यात लाजू नका. आणि तुम्हाला जे माहीत आहे ते डॉक्टरांना सांगा, मग ते कितीही जुनं आणि अवघड असो. नव्या यंत्रावर माझा राग नाही. त्याच्यामुळेच माझा काप शिल्लक राहिला. त्यानं काही चोरलं नाही, बनावही केला नाही. शिकवलं तेच केलं. अनघानं आता त्याला दुसऱ्या लॅबच्या ट्रायक्रोम स्लाइडी दाखवायला घेतल्या आहेत. त्या वर्षीच्या माझ्या स्लाइडी बाजूला काढल्यात. सरांबद्दल तिनं कुणाला काही सांगितलं नाही. "रंगाच्या वेळेत फरक" इतकंच लिहिलं.

मी तिच्याकडून एक गोष्ट मागून घेतली, कॉम्प्युटरनं रंगवलेल्या त्या जादा निळ्या फोटोची प्रिंट. ती माझ्या फाइलमध्ये सगळ्यात वर आहे. दर तपासणीला फाइल उघडली की यजमान वैतागतात. "तो चुकीचा फोटो कशाला बाळगतेस? टाकून दे की."

चुकीचा नाही तो. सरांनी बघितला असता, तर मान वर करून म्हणाले असते, "हं. आता बरोबर."