अर्ध्या तासाचं ऊन

केशवापुरात आमच्या शेजारी एक कानडी कारकून राहायचे. घाई करावी तर त्यांनीच. शर्टाची बटणं लावत लावत सिटी बसमागं पळायचे. पण बोन्साय करायला बियांपासून वाढवलेली पाईनची रोपं खोलीतनं अंगणात आणताना हाच माणूस मुंगीच्या पावलानं चालायचा. पहिल्या दिवशी अर्धा तास ऊन, दुसऱ्या दिवशी एक तास. मांडीवर गजराचं घड्याळ!

मी हसायचो. "साहेब, आम्ही मिरचीची रोपं लावतो, ती काय घड्याळ बघतात?"

"सावकाश री अण्णा, सावकाश," ते कानडी हेलात म्हणायचे.

एकदा त्यांनी मलाच एक रोप दिलं. शाळा मी दुसरीत सोडली, पण झाडांतलं मला कुणी शिकवू नये. रोप थेट पत्र्यावर उन्हात ठेवलं. चार दिवसांत तांबडं होऊन वाळलं. कुंडी मी अंगणातल्या बंबामागं लपवली.

रविवारी ते आले. "रोप कसं आहे अण्णा?"

"झकास!"

त्यांची नजर बंबाकडं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कुंडीत हिरवंगार रोप उभं. कुंपणापलीकडं त्यांच्या रोपांच्या ओळीत एक जागा रिकामी.

मी कुंपणाशी गेलो.

"तुमचं रोप लई जिगरीचं, अण्णा. वाळून परत उठलं!" असं म्हणून ते बससाठी पळाले.

ते वळणाआड गेल्यावर मी रोप उन्हात ठेवलं आणि आमचं घड्याळ बाहेर आणलं. बरोबर अर्ध्या तासानं रोप सावलीत ठेवलं.