जंतू वाढेपर्यंत

आमच्या ओळखीतल्या बायका लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी जातात. मी मात्र पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला पुण्यात तिच्या बाबांच्या हवाली करून न्यूझीलंडला निघाले. निघताना मुक्ता हसून म्हणाली, "आई, माझी तारीख तेवढी विसरू नकोस." विमानतळ येईपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही.

माझं सगळं आयुष्य क्षयाच्या जंतूंच्या मागे गेलं. त्यातही औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या. ऑकलंडच्या एका प्रयोगशाळेत त्यांच्यावर नवं औषध तपासायचं होतं आणि त्यासाठी मला बोलावलं होतं. बाळंतपणाआधी परतायचं, असा माझा बेत होता.

ऑकलंडच्या विमानतळावर आधी माझ्या चपलांची वरात निघाली. या देशाला बाहेरची माती अजिबात चालत नाही. अधिकारी बाईंनी "किया ओरा" (माओरी नमस्कार) म्हणत माझ्या कोल्हापुरी चपलांच्या टाचा निरखल्या, आत नेऊन धुतल्या आणि ओल्याच परत दिल्या. मेतकूट मात्र हुंगून सोडून दिलं. पुण्याची माती वाहून गेली, याचं मला उगाचच वाईट वाटलं.

मुक्काम शहराबाहेरच्या मनुरेवा उपनगरात, नागपूरच्या संगीताकडे. ती इथल्या रुग्णालयात नर्स आहे. घरामागे लिंबांनी लगडलेलं झाड, कोपऱ्यावर डेअरी (इथे किराणा-दुकानाला डेअरी म्हणतात). सकाळी ट्रेनने शहरात जायचे. बाहेर बारीक पाऊस, ओहोटीने उघडी पडलेली खाडी, चिखलात चोची खुपसणारे पक्षी. एवढं सुंदर सगळं, आणि दाखवायला मुक्ता जवळ नाही.

इतर जंतू एका रात्रीत दिसू लागतात. क्षयाच्या जंतूंची आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते. त्या काळात मी जवळच्याच पापाटोएटोच्या देशी दुकानातून डिंक आणि खारीक आणली.

"ताई, लाडू इथे वळणार, आणि मुक्ताला पोचणार कसे?" संगीताने विचारलं.

"जाताना नेईन की."

"मग हीप्स करा, मलापण खायचेत!" (हीप्स म्हणजे ढीगभर.)

आणि लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेट्सवर बुरशी आली. जंतू दिसायच्या आधीच तिने सगळं व्यापलं. "पुन्हा सुरुवात करावी लागेल," माझा सहकारी टॉम हळूच म्हणाला. म्हणजे मुक्ताची तारीख उलटणार. "तुम्ही जा, मी करतो," असंही तो म्हणाला. पण टॉम या जंतूंना नवखा होता. परत बुरशी आली असती तर आणखी महिने गेले असते. आणि पुण्याच्या वॉर्डात मुक्ताच्याच वयाची एक मुलगी होती, जिला कुठलंच औषध लागू पडेनासं झालं होतं. "मॅडम, लवकर या," असं तिनेही सांगितलं होतं.

मुक्ताला फोन केला. "तुझे जंतू कधी वेळेवर आलेत का गं?" ती म्हणाली. "सासूबाई येतायत. तू काम पुरं करून ये." ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

नातीचा पहिला आवाज मी संगीताच्या स्वयंपाकघरात, फोनवर ऐकला. लाडू वळत होते. रडू काही आवरेना. संगीताने परात स्वतःकडे ओढली आणि उरलेले लाडू तिनेच वळले.

अखेर औषध नसलेल्या प्लेट्सवर जंतू उगवले, पिवळट आणि खरबरीत. औषध घातलेल्या प्लेट्स स्वच्छ होत्या. टॉम "स्वीट ॲज!" (झकास!) म्हणून ओरडला. हे औषध माणसांपर्यंत पोचायला अजून वर्षं लागतील, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी मी तिकीट काढलं.

घरी पोचले तर मुक्ता बाळाला घेऊन दारात उभी. मी अंग चोरून तिच्या बाजूने सरळ बाथरूममध्ये गेले. जन्माची सवय! लॅबमधून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय मी मुक्तालाही कधी जवळ घेतलं नव्हतं. छोटी मुक्ता तेव्हा दाराबाहेर बसून राहायची. परदेशात मी इतकी झुरले, की वाट पाहणं म्हणजे काय ते आपल्याला आता कळलं, असं मला वाटत होतं. मुक्ताला ते शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

दार उघडलं, तर ती बाळासकट बाहेरच उभी.

"झाली आंघोळ? घेशील आता?" तिने बाळ पुढे केलं.

मी आधी मुक्तालाच कवेत घेतलं आणि "अगं, बाळ चिरडेल!" असं ती ओरडेपर्यंत सोडलं नाही.