लेखी खुलासा

"झिरो बघा."

काचेवर बोटानं टकटक करायची आणि गिऱ्हाईक तिकडं पाहीपर्यंत नोझल उचलायची नाही. नांदेडहून लातूरला जाताना लोह्याच्या अलीकडं एक पेट्रोलपंप लागतो. तिथल्या दोन नंबरच्या मशीनवर ती उभी असायची. साडीवर कंपनीचा शर्ट, डोक्याला रुमाल. त्या रस्त्यानं जाणं-येणं असेल तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. घाईतला एखादा मोटारसायकलवाला म्हणायचा, "बघितला अक्का, टाका." ती म्हणायची, "तू माझ्याकडं बघून राहिला. झिरो तिकडं हाय."

रस्त्यांवर बायकांसाठी संडास असावेत म्हणून मी पत्रकं वाटत फिरते. स्कूटीत पेट्रोल टाकायला थांबले की पंपावर पहिला प्रश्न तोच: बायकांचा संडास उघडा आहे का? इथं होता, पण कुलपात. किल्ली मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये. का, तर म्हणे गिऱ्हाईक घाण करतात. म्हणजे दिवसभर पंपावर उभ्या असलेल्या बाईनंही केबिनमधल्या पुरुषांसमोर जाऊन किल्ली मागायची, आणि कशाला पाहिजे ते सगळ्यांना कळू द्यायचं. अक्का मागायचीच नाही. घरून चहा पिऊन निघायची आणि संध्याकाळपर्यंत पाण्याला शिवायची नाही.

माझं रक्त खवळायचं. मी मॅनेजरसाठी निवेदन लिहिलं आणि आधी तिला वाचायला दिलं. ती एका ओळीवर थांबली आणि हसायलाच लागली. मी लिहिलं होतं, "व्यवस्थापनाने तीन दिवसांत लेखी खुलासा करावा."

"पोरी, तीन दिवसांत खुलासा झाला असता तर मला काय पायजे व्हतं? आन् लेखी कसा करावा गं तो?"

आमच्याकडं पोट साफ होण्यालाही खुलासाच म्हणतात, हे पत्रकं लिहून लिहून माझ्या डोक्यातून गेलं होतं. मीही हसले. मग ती हळूच म्हणाली, "मला खरंच होत न्हाई. कितीक वर्षं झाली. एरंडेल पिऊन झालं, बाजारातली चूर्णं झाली. आता भाकरी खायचं भ्याव वाटतंय. नोकरी सोडावी म्हणून राहिले."

ज्वारी पिकवणाऱ्या मुलखात एक बाई भाकरीला भिते आणि हे तिच्या नवऱ्यालाही माहीत नाही. ताप आला तर आपण गल्लीभर सांगतो. पोटाचं मात्र दाबून ठेवायचं. का? पोट काय फक्त पुरुषांना असतं?

मी तिला नांदेडला एका डॉक्टरबाईंकडं घेऊन गेले. त्यांनी तपासलं, रक्ताच्या तपासण्या केल्या, आणखी कोणती औषधं चालू आहेत ते विचारलं आणि पुड्या लिहून दिल्या. वर अगदी सरळ सांगितलं.

"पहिल्याच रात्री चमत्कार होणार नाही. दोन-चार दिवस लागतील. सुरुवातीला पोट फुगेल, गुरगुरेल, वारा सरेल, त्याला घाबरू नका. एक पुडी, ग्लासभर पाण्यात विरघळवून, रोज ठरल्या वेळी. झालं नाही म्हणून दोन घ्यायच्या नाहीत, झालं म्हणून मनानं बंद करायचं नाही. फार पातळ व्हायला लागलं तर मला विचारा. जोरात दुखलं, उलट्या झाल्या, रक्त दिसलं, तर वाट न बघता या. आणि दिवसभर पाणी प्या."

शेवटच्या वाक्याला अक्कानं माझ्याकडं पाहिलं. पाणी प्यायचं म्हणजे किल्ली मागायची.

काही दिवसांनी मी पंपावर गेले तर अक्काचा चेहरा उतरलेला. "तुझ्या डॉक्टरबाईचं औषध नुसतं गडगडून राहिलं. पाऊस न्हाई."

"कसं घेता?"

"कसं म्हंजे? चूर्णावानी. तळहातावर घेतलं, फक्की मारली."

"आणि पाणी?"

"घोटभर. ड्यूटी व्हती ना."

तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, ते औषध आतड्यात पाणी ओढून आणतं. तुम्ही पाणीच देणार नाही तर ते ओढणार काय?" अक्का फोनकडं बघत "हाव, हाव" करत राहिली. दुसऱ्या दिवसापासून दोन नंबरच्या मशीनशेजारी पाण्याची बाटली दिसायला लागली.

त्याच आठवड्यातला लोह्याचा बाजार. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती, मीही रांगेत होते. एका जीपवाल्याला अक्का "झिरो" म्हणाली आणि "बघा" म्हणायच्या आत थांबली. नोझल जागेवर अडकवली आणि सरळ केबिनच्या दारात गेली.

"साहेब, किल्ली द्या."

मॅनेजर फोनवर होता. त्यानं एक बोट वर केलं. एक मिनिट.

"मिनिट न्हाई हाय," अक्का म्हणाली. आत जाऊन तिनं स्वतःच ड्रॉवर उघडला, किल्ली घेतली आणि सगळ्या रांगेसमोरून पंपामागं गेली. मागं हॉर्नचा नुसता कालवा.

ती परत आली तेव्हा मॅनेजर मशीनपाशी उभा होता. "मशीन सोडून गेल्याच कशा? मला लेखी खुलासा पाहिजे."

अक्कानं ओले हात पदराला पुसले. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"खुलासा झाला, साहेब. लई दिवसांनी झाला. लेखी देता येत न्हाई."

एक ट्रकवाला स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होता. पुढच्या मोटारसायकलवर मागं बसलेल्या आजीबाई म्हणाल्या, "देव पावला गं बाई." मॅनेजर केबिनमध्ये गेला. किल्ली अक्काकडंच राहिली. तिनं ती हवेच्या पाइपाच्या हातभर तुकड्याला बांधली आणि मशीनशेजारच्या खिळ्याला टांगली. ती परत मागायला कुणी आलं नाही.

माझं निवेदन अजून पर्समध्येच आहे.

डॉक्टरबाईंनी पुढं औषध हळूहळू कमी केलं. एका दुपारी अक्कानं मला पंपामागच्या लिंबाखाली बसवलं, डबा उघडला आणि दोन भाकरी माझ्यासमोर खाल्ल्या. मला अर्धीच दिली.

आता ती इस्लापूरला मुलीकडं राहते. दोन नंबरला दुसरी बाई उभी असते, काचेवर तसंच टकटक करते. परवा एका जीपमधून लग्नाच्या साड्या नेसलेल्या बायका उतरल्या. कुणालाही न विचारता एकीनं खिळ्यावरची किल्ली काढली, पाइप खांद्यावर टाकला आणि बाकीच्या तिच्यामागं निघाल्या.

"एवढा मोठा पाइप कशाला हो याला?" मी मुद्दामच विचारलं.

"आधीच्या अक्कानं बांधलाय," मशीनवरची बाई म्हणाली. "मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये बसू नाही म्हणून. झिरो बघा."