रेषेला शिवलेली गोळी

बंटीभियाचा फोन आला तेव्हा मी मैदानात पुठ्ठ्याची माणसं उभी करत होतो. शनिवारच्या संध्याकाळचं हे माझं ठरलेलं काम. रविवारी नेमबाज यायच्या आधी पट्ट्यांना पुठ्ठे ठोकायचे आणि लोखंडी पाट्या त्यांच्या पायांवर सरळ करायच्या. बंटीभिया (इंदुरात भैयाला भिया म्हणतात) आमच्या नेमबाजी क्लबातला जुना नेमबाज, इथल्या सियागंज बाजारात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि तोंड कधी बंद नसतं. त्या दिवशी मात्र फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "दिगू, तायडेजींना मारलं रे. भंवरकुआंला. सळई घातली डोक्यात." मी विचारलं, "लागलं का फार?" ...काय विचारतोय ते माझं मलाच कळत नव्हतं. तो म्हणाला, "तू बस आ जा, यार."

सुभेदार तायडे, आमचे तायडेजी, काही दिवस दवाखान्यात नळ्या लावून पडून होते आणि शुद्धीवर न येताच गेले. आता महिना होत आलाय. झालं ते एवढंच : भंवरकुआंच्या कोचिंग क्लासांच्या गर्दीत एका गाडीनं त्यांच्या स्कूटरला घासलं, ते म्हणाले, "देखके चला बेटा, पोरं रस्ता ओलांडतायत," आणि गाडीतून चौघं उतरले. पहिली सळई खांद्यावर बसली, दुसरी कानामागं. ज्यानं ती चालवली तो तुकोगंजातल्या चांगल्या घरातला पोरगा आहे. रक्त धुवायला समोरच्या पोहेवाल्यानं बादल्या ओतल्या, तरी दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा डांबराच्या भेगांमध्ये ते काळं होऊन बसलं होतं. मला रक्त ओळखता येतं. मी ते लहानपणापासून पाहिलेलं नाही, पण एकदा पाहिलं ते पुरेसं होतं.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सोडली आणि थोरल्या भावाबरोबर, नामदेवबरोबर, शेतात लागलो. आमची विहीर वाटणीची होती. पाण्याच्या पाळीवरून चुलतभावानं, उत्तमनं, भर दुपारी नामदेववर कोयता चालवला. आधी मानेवर, तो पडल्यावर पाठीवर, आणि मग हात जिकडं पोचेल तिकडं. नामदेवनं वार अडवायला हात वर केला होता, त्यामुळं त्याची बोटं मातीत वेगळी पडली. मी ती रुमालात गोळा केली. आईला तसा हात दिसू नये एवढंच तेव्हा डोक्यात होतं. नामदेव तिथंच गेला. पुढं उत्तम जामिनावर सुटला, पानटपरीवर बसू लागला, मला बघून पिचकारी टाकू लागला. आईनं मला इंदूरच्या गाडीत बसवून दिलं. म्हणाली, "तू तरी लांब राहा." इथं मी सियागंजात पोती उचलू लागलो. एक दिवस हमालांशी माझं भांडण चाललेलं असताना मागून कोणी शुद्ध मराठीत विचारलं, "कुठला रे तू? शिव्या तर आपल्याकडच्या दिसतात." ते तायडेजी. शेजारच्या महू छावणीचे. आजोबा पलटणीत, वडील पलटणीत, स्वतःही तिथूनच निवृत्त झालेले. महूच्या रस्त्याला एका बंद पडलेल्या खाणीत क्लबचं मैदान होतं, ते तिथं शिकवत. त्यांना राखणीला माणूस हवा होता. खोली मिळेल, दोन वेळचं काकू पाठवतील, म्हणाले. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांचा डबा मी आजही खातो, आणि घास घेताना मला भीती वाटते, की हे सगळं कोणीतरी एक दिवस परत मागेल.

वाचणाऱ्यांना हा खेळ माहीत नसेल, म्हणून थोडं सांगतो. ह्यात एका जागी उभं राहून नेम धरत नाहीत. पळायचं, आडोशाआडून वाकायचं, खाकी पुठ्ठ्यांना दोन-दोन गोळ्या घालायच्या, लोखंडी पाट्या पाडायच्या, आणि मध्येच पांढरे पुठ्ठे लावलेले असतात त्यांना चुकूनही लावायची नाही. खाकी म्हणजे वैरी, पांढरा म्हणजे बिचारा कोणीतरी. वेळही मोजतात, गुणही मोजतात. नऊ एमएमचा बोर, म्हणजे नळीचं माप, सरकारी कामाचा, आमच्यासारख्यांच्या लायसन्सवर तो चढत नाही. म्हणून क्लबात दोनच गोष्टींवर वाद चालतो : बत्तीस की पंचेचाळीस. पंचेचाळीसची गोळी जाड आणि जड. पाटीला कुठंही लागली तरी पाटी आडवी होते, कडेच्या नेमालाही गुण जास्त मिळतात. पण हात असा उडवते की दुसऱ्या गोळीला उशीर होतो. बत्तीस हलकी, हातात राहते, मात्र पाटीच्या वरच्या अंगाला नेमकी बसली नाही तर पाटी टण वाजते आणि उभीच राहते. बंटीभिया पंचेचाळीसवाला. बत्तीसवाल्यांना म्हणायचा, "भिया, पिस्तूल घेतली की मच्छर मारायची रॅकेट?" आणि सगळ्यात जास्त तायडेजींना म्हणायचा, कारण ते स्वतः मैदानावर कायम बत्तीसच चालवत आले. ते हसायचे. "अरे, मच्छरसुद्धा उडता उडता मरत नाही, बेटा. त्याला आधी बसू द्यावं लागतं."

मैदानावर रुळलो तेव्हा एका दुपारी ते बत्तीस आणि पंचेचाळीस दोन्ही साफ करत बसले होते. मी चहा ठेवला आणि बरेच दिवस तोंडात घोळत असलेलं विचारलं, "तायडेजी, ह्यातली माणूस पक्का मारणारी कोणती?" त्यांनी वर पाहिलं नाही. नळीतून चिंधी ओढली, उजेडाकडे धरून पाहिलं. "दोन्ही," म्हणाले. मग चिंधी बदलत, "सरहद्दीवर एकाला माझी गोळी लागली होती, मोठी, रायफलची. पोटात. मला वाटलं होतं लागली की संपलं. तो दुपारभर झुडपाआड ओरडत होता. त्याची भाषा मला येत नव्हती, पण आईला हाक मारतोय हे कळत होतं. आम्ही तिथंच बसून रोट्या खाल्ल्या... कोणाला मारायचंय?" मी सांगितलं. विहीर, कोयता, रुमाल, सगळं. मला वाटलं आता हाकलून देतील, पोलिसात कळवतील. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "शीक तर मग नीट. अर्धवट शिकलेला जास्त नासधूस करतो."

मी पंचेचाळीस उचलली. तायडेजींनी अडवलं नाही. ती उडाली की दंडापासून कवटीपर्यंत धक्का जायचा, आणि मला तो आवडायचा. पाटी पडल्याचा आवाज तर इतका आवडायचा की पडलेल्या पाटीवर मी आणखी एक गोळी घालायचो. तायडेजी मागून म्हणायचे, "मेली ती. पुढं चल." प्रत्येक खाकी पुठ्ठ्याला मी उत्तमचं तोंड लावलं होतं. पानाची लाल जीभ, हसणं, सगळं. माझा नेम बसू लागला तो त्याच रागावर. आणि एवढं ठाऊक असून त्या माणसानं हत्यारांच्या खोलीची चावी माझ्याकडे दिली. क्लबच्या सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा म्हणाले, "ह्याच्यावर माझी नजर आहे, आणि ह्याला ते माहीत आहे." ती चावी मी कमरेला लावून फिरायचो. माझ्यावर असा विश्वास घरच्यांनीही कधी टाकला नव्हता, आणि मी तर रोज मनात गावाकडची बस पकडत होतो.

मग क्लबाची स्पर्धा आली. एका ठिकाणी खाकी पुठ्ठ्याच्या पुढ्यात पांढरा असा लावला होता की वैऱ्याचं अर्धं अंग झाकलं जावं. मी पळत आलो, थांबलो, दोन गोळ्या घातल्या, पुढं गेलो. शेवटची पाटी पडली तेव्हा माझी वेळ सगळ्यांत कमी होती. बंटीभियानं पाठीवर थाप मारली. "हिंगोली एक्सप्रेस." मग गुण मोजायला सगळे पुठ्ठ्यांजवळ गेलो. त्या पुठ्ठ्यावर माझी एक गोळी खाकीतच होती, पण अगदी पांढऱ्याच्या काठाशी. तायडेजी पंच होते. त्यांनी खिशातून पारदर्शक पट्टी काढली, तिच्यावर प्रत्येक बोरच्या मापाचं वर्तुळ असतं. पंचेचाळीसचं वर्तुळ भोकावर बसवलं, डोळा बारीक केला. "शिवली," म्हणाले. पांढऱ्याला शिवली म्हणजे दंड, आणि स्पर्धा हातची गेली.

बंटीभिया माझ्यासाठी भांडला. "सर, केसाएवढी आहे. बत्तीस असती तर सुटली असती ना?"

"सुटली असती," तायडेजी म्हणाले. "पण बत्तीस नव्हती. ह्यानं जाड गोळी निवडली. जाड गोळी घेतली की तिची कडही आपलीच. रेषेचे गुण खायला ती चांगली वाटते, मग रेषेचा दंडही खायचा."

बंटीभिया बडबडत पुढच्या पुठ्ठ्याकडे गेला. आम्ही दोघंच उरलो. ते पांढऱ्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत हळूच म्हणाले, "तुझ्या त्या उत्तमच्या शेजारी कोण असतं रे?"

मी म्हणालो, "त्याची पोरगी. गाडीच्या टाकीवर बसवून हिंडवतो तिला."

त्यांनी खिशातून चिकटपट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. भोक बुजवायला.

पुढच्या रविवारी मी बत्तीस उचलली. मी सुधारलो वगैरे काही नाही. राग होता तिथंच होता, आजही आहे. पण बत्तीसनं पाटी उभी राहायची आणि मला थांबून तिच्याकडे पुन्हा पाहावं लागायचं. त्या थांबण्यात उत्तमचं तोंड कुठंतरी सरकायचं आणि नुसतं लोखंड दिसायचं. तायडेजी मागं उभे असायचे. "घाई कुणाला आहे, बेटा? बघ आधी."

महूला त्यांचा जलदान विधी झाला तेव्हा मंडपात एकच प्रश्न फिरत होता. पिस्तूल तर डिकीतच होती ना, मग काढली का नाही? कोणी म्हणालं, वेळच मिळाला नसेल. पोहेवाला आला होता. तो खाली मान घालून म्हणाला, "टाइम था, साब. पहली लगने के बाद बोहोत टाइम था. वो तो डिक्की से टिक के खड़े हो गए, हाथ ऐसे करके." आणि दोन्ही हात पाठीमागं नेऊन डिकीचं झाकण दाबून धरल्यासारखं करून दाखवलं. काकू समोरच बसल्या होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ते पोर त्यांच्या नातवाच्या वयाचं होतं," म्हणाल्या. एवढंच.

ते ऐकून परतलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी हत्यारांची खोली उघडली. क्लबची पंचेचाळीस काढली. मॅगझिनमध्ये गोळ्या भरल्या. पहिली कोणासाठी आणि बाकीच्या कोणासाठी, ते मला ठाऊक होतं : आधी तुकोगंज, मग हिंगोली. एवढ्यात फाटकात गाडी थांबल्याचा आवाज आला आणि मी का कोण जाणे, मॅगझिन खिशात घातलं, पिस्तूल कपाटात ठेवली, बाहेर आलो, कुलूप लावलं. बंटीभिया होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"चावी दे, दिगू."

"कोणती हवी?"

"पैंतालीस. आणखी कोणती? त्याचं घर बघून आलोय मी. गेटपर्यंत गेलो होतो."

मी दाराला पाठ टेकून खाली बसलो. "गेटवर कोण होतं?"

"चावी दे."

"कोण होतं, भिया?"

"म्हातारी होती एक. कुंड्यांना पाणी घालत होती. तुला काय करायचंय?" आणि त्यानं मला लाथ मारली. बरगडीत, मग खांद्यावर. ओठ फुटला. "त्यांचं खाल्लंस ना तू? त्यांनी तुला रस्त्यावरनं उचललं ना?" म्हणत मारत राहिला, आणि मी मार खात राहिलो, कारण तो म्हणत होता ते खरंच होतं. मी हात वर केला नाही. तो दमला तेव्हा माझ्याच शेजारी बसला आणि मोठ्यानं रडू लागला. मी खिशातलं मॅगझिन काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनी मिळून एकेक गोळी काढली आणि मोजून डब्यात भरली.

मागच्या आठवड्यात पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. स्कूटरच्या डिकीतली पेटी उघडायची होती, पिस्तूल ओळखायला क्लबचं माणूस हवं होतं. सेक्रेटरींनी मला नेलं. हवालदारानं पेटीचं कुलूप काढलं. आत त्यांची बत्तीस, कापडात गुंडाळलेली, गोळ्या वेगळ्या पुडक्यात. मी कापड सोडलं. वरची स्लाइड मागं ओढलेली, गोळी बसते ते चेंबर उघडं, दुरूनही रिकामं दिसत होतं. पण तायडेजी नुसतं दिसण्यावर कधी समाधान मानायचे नाहीत. पिस्तूल हातात आली की आधी डोळ्यांनी बघायचे, मग करंगळीचं टोक चेंबरच्या तोंडाशी नेऊन चाचपायचे, आणि मग शेजारी कोणी नसलं तरी मोठ्यानं सांगायचे. मी करंगळी नेली. गार लोखंड, तेलाचा ओशटपणा, दुसरं काही नाही.

"रिकामी," मी म्हणालो.

हवालदार कागदातून वर न बघता म्हणाला, "दिख तो रहा है, भिया."

"हो जी," मी म्हणालो. "पण सांगावं लागतं."