शेवंताबाईंचं नाव आणि तो वळणदार फॉन्ट

मंगळवारी पांढुर्ण्यात माझ्या डीटीपीच्या दुकानात पुन्हा तेच... "ताई, तोच फॉन्ट लावा न!"

तो म्हणजे हाताने लिहिल्यासारखा, वळणदार. कुणीतरी बोरू घेऊन निवांत लिहावं तसा. देखणा आहेच, नाही कशाला म्हणू? नवरा-नवरीच्या नावांना, पाकिटावरच्या दोन शब्दांना शोभून दिसतो.

पण लोकांना तो सगळीकडे हवा... संत्र्याच्या पेटीवर, तेरवीच्या कार्डावर. एकाने तर 'येथे गाडी लावू नये'साठी मागितला! वेलांटी तीन अक्षरांवरून उडी मारते, उकार खालच्या ओळीत घुसतो, बारीक साइजमध्ये 'त' कुठला आणि 'न' कुठला कळत नाही. सांगून सांगून घसा बसला माझा.

तर मंगळवारी बोरगावची प्रणाली आली, स्वतःच्या लग्नाची पत्रिका करायला. सोबत आई, शेवंताबाई. वडील नाहीत, म्हणून निमंत्रक म्हणून आईचं एकटीचं नाव. आणि अख्खी पत्रिका त्याच फॉन्टमध्ये!

मी म्हटलं, "अगं, पत्ता तरी साधा ठेव. लग्नाला सौंसरला यायचे पाहुणे भलत्याच गावी, रामाकोन्याला उतरतील."

"लोकेशन पाठवून राहिली न मी सगळ्यांना."

चार वेळा समजावलं. शेवटी वैतागून लावला तोच, आणि प्रूफ तिच्या हातात दिलं.

तिने ते हौसेने आईपुढे धरलं. शेवंताबाई बोट ठेवून वाचायला लागल्या. चाळिशीनंतर अक्षरं शिकल्या त्या, तीही या लेकीकडूनच... हे मला नंतर कळलं. बोट अडखळत खाली आलं आणि थांबलं.

"हे कोनाचं नाव हाये वो, बाई?" त्यांनी मला विचारलं.

प्रणालीचा चेहराच उतरला. "आई, तुहंच हाये."

"माहं?" त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "माहं नाव तं मले वाचता येते..." चूक जणू त्यांचीच, असा आवाज.

प्रणालीने कागद हळूच काढून घेतला. "ताई, साध्या अक्षरात करा सगळं." मग म्हणाली, "वरचं 'मंगल परिणय' तेवढं राहू द्या."

दुसरं प्रूफ शेवंताबाईंनी मोठ्याने वाचलं. मामांच्या नावांसकट, एकेक शब्द. मागे गिऱ्हाइकं ताटकळलेली. स्वतःचं नाव मात्र त्यांनी दोनदा वाचलं.

प्रणाली, आईची अडचण तू चटकन ओळखलीस, बरं वाटलं गं. बाकीच्यांना हात जोडून सांगते... फॉन्टवरून माझ्याशी भांडायच्या आधी, तुमच्या घरात सगळ्यात हळू वाचणारं जे माणूस असेल, त्याच्या हातात एकदा प्रूफ द्या.