केसरबाईंचा राहिलेला ‘दे’

आमच्या देऊळघाटात ख्रिस्ती घरं मोजून चार, त्यातलं केसरबाईंचं माझ्या भिंतीला लागून. बाई तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होत्या. अर्ध्या गावाची नाकं त्यांनी पुसली आहेत, माझ्या मुलाचं, सोहमचंही. निवृत्त झाल्यावर त्या सुखानं बसतील असं सगळ्यांना वाटत होतं, त्यांना स्वतःलाही. पण माणूस योजतो एक आणि होतं भलतंच. दुसऱ्याच महिन्यात त्यांचे यजमान दयाराम, एसटीचे मेकॅनिक, न्हाणीच्या दारात कोसळले. लकव्यानं उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्याला आता चार वर्षं झाली.

चार वर्षं म्हणजे उचला, बसवा, भरवा, पुसा, कूस बदला. दयाराम अंगानं दांडगे, बाई म्हणजे काडी. मुलगी प्रतीक्षा नाशिकला, पदरात दोन लहान लेकरं. येते, रडते, जाते. आम्ही शेजारी भिंतीवरून विचारायचो, “कसं काय, केसरबाई?” त्या म्हणायच्या, “प्रभूची कृपा.” की आम्ही मोकळे. मला त्या उत्तराचा रागच यायचा. एवढी कृपा आहे, तर डोळ्यांखाली काळं कशानं झालं? पण तसं विचारलं मात्र कधी नाही. माझा राग बसल्या जागेवरचा आहे.

त्यांचं चर्च बुलढाण्याला. दयारामांना टाकून जाता येईना, म्हणून बाई प्रार्थनेची विनंती मंडळीच्या व्हॉट्सॲप गटात लिहायच्या. नाताळ होऊन आठवडा झाला असेल. एका गुरुवारी सकाळी त्यांनी लिहिलं, “दयारामले प्रभूचा विसावा”. पुढचा ‘दे’ राहून गेला. आता या मंडळीत माणूस मेला असं म्हणत नाहीत, प्रभूच्या विसाव्यात गेला असं म्हणतात. झालं! गटात जोडलेल्या हातांची रांग लागली. फोन करून नीट विचारावं, हे त्यातल्या एकालाही सुचलं नाही.

दहाच्या सुमारास तीन ऑटो येऊन उभे राहिले. पांढऱ्या साड्यांतल्या बायका उतरल्या, हातात गीतांची पुस्तकं आणि वरणभाताचे डबे, कारण दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. चर्चचे पाळकसाहेब उतरले. मागून किसनराव सुतार आले, हातात टेप.

“काय हो, इकडं कुठं?” मी फाटकातून विचारलं.

“माप घ्याले आलो, सुधाकरभाऊ,” ते हळूच म्हणाले. “पेटीचं.”

शेजारचा माणूस गेला आणि मला पत्ता नाही? मी त्यांच्यामागं धावलो. पाहतो तर अंगणात दयाराम खुर्चीवर बसलेले, अंगभर साबण, डोळे टक्क उघडे. केसरबाई त्यांची पाठ चोळत होत्या.

“काऊन आले तुमी सगळे?” त्या म्हणाल्या.

कुणीतरी फोन पुढं केला. बाईंनी आपलंच लिहिलेलं वाचलं. पाळकसाहेब ओशाळले. “माफ करा, बाई. तुमचा ‘दे’ राहिला आणि आम्ही समजलो, देवानं दिला.” मागून एक बाई फिस्सकन हसली, मग दुसरी. मलाही आवरेना.

केसरबाई हसल्या नाहीत. त्यांनी लोटा खाली ठेवला.

“नाई, पाळकसाहेब. तुमी बराबर वाचलं. सकाळी ह्यायचं अंग पुसू राह्यलती, तं मनात आलं, आता नेच प्रभू ह्यायले. ह्यायच्यासाठी नाई, माह्यासाठी. माह्या हातात जीव नाई राह्यला. तेच लिवलं म्या.”

आणि ओट्यावर बसून त्या हुंदके देऊन रडल्या. दयारामांची वाचा गेली होती, कान शाबूत होते. त्यांनी मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षं मी भिंतीवरून नुसती चौकशी करत होतो.

पाळकसाहेबांना शास्त्रातली वचनं तोंडपाठ आहेत, पण त्यांनी त्या वेळी एकही काढलं नाही, म्हणून मी त्यांना मानतो. त्यांनी बाह्या सारल्या आणि लोटा उचलला. “आलोच आहोत तर थांबतो. बाई, तुम्ही आत जाऊन पडा.”

घरात माणसांची गर्दी, म्हणून बाई आमच्या घरी येऊन झोपल्या, त्या चार तास उठल्या नाहीत. इकडं बायकांनी अंथरूण धुतलं, दयारामांना वरणभात भरवला, मग आणलेली गाणी त्यांच्याजवळ बसून म्हटली. किसनरावांनी खाटेपासून न्हाणीपर्यंत टेप लावला; बाईंनी उठवलं की दयारामांना डाव्या हातानं धरायला भिंतीला दांडा करून देतो म्हणाले. मी दयारामांची दाढी केली. चार वर्षांत मी त्या माणसाला पहिल्यांदाच हात लावला.

बाई परत आल्या तेव्हा घरभर माणसं पाहून दारातच थबकल्या. पाळकसाहेब म्हणाले, “आजची उपकारस्तुतीची प्रार्थना तुम्हीच करा.” त्यांना नाही म्हणायचं होतं, ते दिसत होतं. पण त्या खाटेशी बसल्या आणि त्यांनी दयारामांचा डावा हात धरला. दयारामांनी तो काढून घेतला नाही.

“प्रभू,” बाई म्हणाल्या, “म्या मागतलं ते तू देल्लं नाई. उपकार. हे लोकं म्या बलावले नवते, तरी तू धाडले. उपकार.” मग त्यांनी दयारामांच्या अंगावरची चादर सारखी केली. “पन मी लय थकली. उद्या-परवा म्या पुन्हा तेच मागन. तवाबी देऊ नको.”

आमेन म्हणायला सगळ्यांना थोडा वेळ लागला.