न बनलेल्या विमानाचा पॅटर्न

बोईसरच्या एका फाउंड्रीत मी तीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा लाकडी नमुना आधी आम्ही करायचा. त्याचा ठसा वाळूत उठवायचा आणि मग त्यात रस ओतायचा. त्यामुळे लाकडाच्या कामाला कोणी फालतू म्हटलं की माझं डोकं फिरतं.

मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं प्रोजेक्टला विषय घेतला, कागदावरच राहिलेली प्रवासी विमानं आणि ती का बनली नाहीत. सरांनी कपाळाला हात लावला. जे झालंच नाही त्यावर बोलणार काय, म्हणे. दारावर सुकट विकायला येणारी मुरबे गावची मावशीसुद्धा मुलीच्या मॉडेलसाठी मी हातात घेतलेलं सागवान बघून म्हणाली, "बनलंच नाय ते कशाला कोरताय?" तिला मी चहा पाजला आणि चांगला अर्धा तास ऐकवलं.

एका विमानाचे पंख उडताना मागे वळणार होते. आवाजापेक्षा जोरात पळणारं विमान. पण पंख ज्या सांध्यावर फिरायचे तो सांधाच इतका जड झाला की मग माणसं किती न्यायची हा प्रश्न पडला. सांधा काढून नव्यानं आखलं, पण पुढे अमेरिकेच्या सरकारनंच पैशाला हात आखडता घेतला. दुसरं विमान म्हणजे नुसताच एक मोठा पंख, माणसं पंखाच्या पोटात. बहुतेकांना खिडकी नाही, कडेला बसलेला प्रत्येक वळणाला झोपाळ्यासारखा वर-खाली, आणि आग लागली तर एवढ्यांना झटपट काढायचं कसं? "मी नाय बाय बसणार," मावशी म्हणाली. पण त्या पहिल्या विमानाचा पूर्ण आकाराचा लाकडी नमुना उभा राहिला होता, हे सांगताना माझा आवाज चढला. कुणीतरी राबून तो उभा केला होता ना? त्यांना नापास ठरवणारे हे सर कोण?

तेच विमान मी मुलीसाठी लहान आकारात केलं, आणि परीक्षेच्या दिवशी पालघरच्या कॉलेजात मीच उचलून नेलं. परीक्षकांनी तिच्या तक्त्यावरची मापं वाचली, खिशातून पट्टी काढली आणि मॉडेलला लावली. लांबी अर्धा सेंटिमीटर जास्त भरली. चूक कुठे झाली ते मला लगेच कळलं. लोखंड गार होताना आकसतं, म्हणून नमुना थोडा मोठाच करावा लागतो. त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते, तिच्या खुणा जरा लांब लांब. तीस वर्षांच्या सवयीनं माझा हात त्याच पट्टीवर गेला होता. साधी पट्टी शेजारीच पडलेली, पण अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

"हे टेबलावरून काढ आणि बाकीच्यावर बोल," परीक्षक तिला म्हणाले. "मार्क कापत नाही मी."

फर्स्ट क्लास नसेल तर पुण्याच्या कंपनीनं देऊ केलेली नोकरी नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी मॉडेल उचलायला पुढे झालो. ती आडवी आली.

"राहू द्या, बाबा." मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "सर, मॉडेल बाबांनी केलंय, तसं रिपोर्टात पहिल्याच पानावर लिहिलंय. माप चुकलंय, मार्क कापा. पण झाकणार नाही मी. कुठे काय चुकलं, हाच तर माझा विषय आहे."

त्यांनी कापले. तेवढ्या मार्कांनी फर्स्ट क्लास गेला, त्याच्यामागे पुण्याची नोकरीही गेली. मला त्यांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. निकालाच्या संध्याकाळी मी मॉडेल पुढ्यात घेऊन तासायला पटाशी लावून बसलो. मापात आणून देतो म्हटलं, चुकलो म्हटलं, आणि पोरीसमोर रडलो.

तिनं माझ्या हातातून पटाशी काढून घेतली.

"हात लावायचा नाही त्याला," ती म्हणाली. "पट्टी बरोबरच होती तुमची. ओतायचं तेवढं राहिलंय."